डाव्या बाजूचं थांबलेलं चित्र

प्रिय बारके,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मोबाइलवर निरोप पाठवला तर तू तो वाचून न वाचल्यासारखं करतेस, हेही मला आता कळलंय. पत्राचं तसं नसतं. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की ते उघडल्याशिवाय तुला चैन पडणार नाही. मुद्दाम तुझ्या क्लिनिकच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं असतं तर तू ते कुठल्या तरी कप्प्यात कोंबलं असतंस. तुझी काउंटरवरची बाई महाचौकस आहे, ती दिवसातून चारदा विचारेल, मॅडम, ताईंचं पत्र वाचलंत का. बघ, तुला पकडायची सगळी तयारी करूनच बसलेय.

घरचं म्हणशील तर सगळं ठीक आहे, म्हणजे दिसायला ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून ठिबकतो, शेजाऱ्यांचा कुत्रा अजून फक्त ओळखीच्याच माणसांवर भुंकतो, आणि तुझे भावोजी चांगले वागायला लागलेत. यातली शेवटची गोष्ट गंभीर आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने स्वतःचा ओला टॉवेल कधी दोरीवर टाकला नाही. तो माणूस एका सकाळी माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि वर विचारतो काय, साखर बरोबर आहे ना. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. शाळेत शिकवताना पोरं मला उगाच दुर्बीण म्हणायची नाहीत. परीक्षेच्या वर्गात कॉपी करणारा ओळखायचा कसा, तर घाबरलेल्याकडे बघायचंच नाही, नको तितका साळसूद बसलाय त्याच्याकडे बघायचं. तुझे भावोजी तसे बसले होते. वर्तमानपत्र हातात, नजर एकाच ओळीवर, आणि दर थोड्या वेळाने माझ्या गळ्याकडे.

आता तुला माहीत असलेलंच तुला सांगणार आहे, पण माझ्या बाजूने सांगणार आहे. तू आणि तुझे भावोजी, तुम्ही दोघांनी आजवर मला फक्त तुमची बाजू सांगितलीत, तीही अर्धी.

माझी थायरॉइडची ग्रंथी काढली त्याला आता सहा वर्षं होतील. कॅन्सर हा शब्द तेव्हा घरात कुणी उच्चारत नव्हतं, सगळे नुसतं ‘ते’ म्हणायचे. ते गेलं, असं सर्जनसाहेबांनी सांगितलं, पण दरवर्षी दोन गोष्टी करायच्या, असंही बजावलं. एक म्हणजे रक्ताची तपासणी. थायरोग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन असतं, ते फक्त थायरॉइडच्या पेशीच बनवतात. ग्रंथीच काढलीय म्हटल्यावर ते रक्तात नसल्यातच जमा असायला हवं. दिसायला लागलं तर समजायचं, एखादी पेशी मागे राहून कुठेतरी संसार थाटतेय. दुसरी म्हणजे गळ्याची सोनोग्राफी, आणि ती अर्थातच तुझ्याकडे. बाहेरचे पेशंट संपले की शेवटचा नंबर माझा. तू दिवा मंद करायचीस, गळ्यावर ती गारढोण जेल ओतायचीस, मी किंचाळायचे आणि आपल्या गप्पा सुरू व्हायच्या. इतर कुणाशी तू मशीनवर बसल्यावर चकार शब्द बोलत नाहीस म्हणे. माझ्या वेळी मात्र हात माझ्या गळ्यावर आणि तोंड समस्त नातेवाइकांवर. मला ती तपासणी वाटायचीच नाही. माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

या वर्षी रक्ताचा रिपोर्ट आला आणि तो आकडा वर सरकलेला होता. फार नाही, पण सरकलेला. मी दुसऱ्या दिवशी तुला फोन केला, कधी येऊ म्हणून विचारलं. तू तुझ्या त्या डॉक्टरी आवाजात म्हणालीस, ताई, आमचं मशीन बिघडलंय, तू या वेळी दुसरीकडे करून घे. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग लगेच तुझ्या काउंटरवरच्या बाईला फोन लावला, आवाज बदलून. ती म्हणाली, या की, मशीन चालू आहे, फक्त गर्दी आहे. बारके, लहानपणी तू खोटं बोललीस की तुझे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत याचा तू फायदा घेतलास. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला त्याच क्षणी कळलं. किती मुरलंय ते कळत नव्हतं.

त्याच दिवसांत तुझे भावोजी फोन आला की गॅलरीत जायला लागले. दार लोटून घ्यायचे. आत आल्यावर मी विचारलं कोण होतं, की बँकेतून होता म्हणायचे. बँकेच्या माणसाशी बोलताना कुणी ‘रडू नकोस’ म्हणतं का, तूच सांग. मला वाटलं, मी मरणार आहे आणि हे या दोघांनी आपसात ठरवूनही टाकलंय. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

मग सर्जनसाहेबांनी आयोडीनचा स्कॅन करायला सांगितला. त्याच्यासाठी ग्रंथीऐवजी घ्यायची रोजची गोळी बंद, आयोडीन असलेलं मीठ बंद, बाहेरचं खाणं बंद. गोळी बंद झाली की माणसाचं काय होतं ते तुला पुस्तकातून माहीत असेल, मला अंगावरून माहीत आहे. अंग जड, आवाज घोगरा, भर दुपारी स्वेटर, आणि साधी भाजी चिरायची तर सुरी उचलावीशी वाटत नाही. शरीराला आयोडीनसाठी असं भुकेलं ठेवायचं आणि मग किरणोत्सर्गी आयोडीन थोडंसं पाजायचं, म्हणजे थायरॉइडची पेशी जिथे लपली असेल तिथे ते हपापून खाईल आणि कॅमेऱ्यात उजळेल. मला हा बेत आवडला. चोराला खाऊ दाखवून पकडायचं म्हणजे माझ्याच पठडीतलं काम. त्या लांबट टेबलावर मी न हलता पडून राहिले, वरून ते यंत्र हळूहळू सरकत गेलं, आणि रिपोर्ट आला स्वच्छ. कुठेही काही नाही.

तुझ्या भावोजींनी भर रस्त्यात मला मिठी मारली. लोक बघत होते. मी मात्र रिपोर्टकडे बघत होते. रक्त म्हणतं ‘आहे’, कॅमेरा म्हणतो ‘नाही’. वर्गात कुणाकडेच चिठ्ठी सापडू नये आणि तरी पाच जणांची एकच चूक सारखी असावी, तसं ते वाटलं. चिठ्ठी नाही म्हणजे कॉपी नाही, असं मी आयुष्यात कधी मानलेलं नाही. सर्जनसाहेबांना मी सरळ विचारलं, खोटं कोण बोलतंय. ते हसले नाहीत, म्हणून मला ते आवडतात. म्हणाले, दोन्ही खरं बोलतायत. परतून आलेल्या या पेशी कधीकधी आयोडीन खायचंच सोडून देतात. ज्या खात नाहीत त्या या स्कॅनमध्ये दिसणार नाहीत. मग म्हणाले, गळ्याची सोनोग्राफी झाली का या वर्षी. मी तुझ्या भावोजींकडे पाहिलं. भावोजी जमिनीकडे पाहत होते.

नवीन सोनोग्राफीवाली डॉक्टर तुझ्याहून वयाने खूप लहान आहे आणि अजिबात बोलत नाही. मी जेलबद्दल काहीतरी विनोद केला, तर तिने मला कृपया गिळू नका म्हणून सांगितलं. तिच्या हातातला, चित्र दाखवणारा प्रोब गळ्याच्या उजव्या बाजूने फिरला, मधून फिरला आणि डावीकडे गेला. तिथे थांबला. पुढे गेला, परत आला. पुन्हा पुढे गेला, पुन्हा त्याच जागी आला आणि जरा दाबला. तिने सांगायच्या आधीच मला कळलं. इतकी वर्षं मी बाकांच्या रांगांमधून अशीच फिरलेय, मला परत फिरणाऱ्या पावलाचा अर्थ कळतो. एक छोटीशी लसिकाग्रंथी, वाटाण्याहूनही लहान. निरोगी गाठीच्या मधोमध जी पांढरी रेघ दिसते ती हिच्यात नाही, उलट आत पांढरे बारीक ठिपके. मग सुईने त्यातल्या पेशी काढल्या, तपासल्या, आणि ते आपलं जुनंच ‘ते’ निघालं. नंतर पेट स्कॅनही झाला. त्यात साखर टोचतात आणि जी पेशी अधाशासारखी साखर खाते ती उजळते. आयोडीनला नाक मुरडणारी आमची गाठ साखरेवर मात्र तुटून पडली. ती एकटीच उजळली, बाकी अंगात कुठेही काही नाही. हे ऐकून मी रडले. घाबरून नाही गं, बरं वाटलं म्हणून. निदान आता कुणावर डोळा ठेवायचा ते कळलं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढेच आहे, आणि ती तुला माहीत आहे.

त्या डॉक्टर मुलीने जुनी चित्रं मागितली. तू ती पाठवलीस. तिने पडद्यावर गेल्या वर्षीचं एक चित्र उघडलं, शेजारी या वर्षीचं लावलं आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. तीच जागा. तीच गाठ, थोडी लहान. गेल्या वर्षीही होती. ती मुलगी स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, चित्र थांबवलंय, पण गाठ मोजलेली नाही. चित्र थांबवलं की त्यावर मोजमापाच्या खुणा करतात ना तुम्ही, त्या दोन छोट्या फुल्या, त्या तिथे नव्हत्या. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, हे कुणी केलंय. मी म्हटलं, माझ्या बहिणीने. ती पुढे काही बोलली नाही. न बोलणारी माणसं नेमकी नको तिथे न बोलता फार बोलतात.

आम्ही घरी आलो. तुझे भावोजी कुलूप उघडत होते, तेव्हाच मी त्यांना धरलं. गॅलरीतला फोन कुणाचा होता. त्यांनी कुलूप तसंच सोडलं. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. माझा रक्ताचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी त्यांनी तुला कळवला होता, आणि तो ऐकल्यावर तू जुनी चित्रं काढून पाहिलीस. तुला ती गाठ दिसली. तू भावोजींना फोन करून सांगितलंस, माझ्या हातून सुटलं, ताईला माझ्याकडे आणू नका, माझ्या डोळ्यांवर आता विश्वास ठेवू नका. आणि तिला एवढ्यात सांगूही नका. त्यांनी नवऱ्याचं कर्तव्य म्हणून मूग गिळले आणि चहा करायला लागले.

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असेल असं तुला वाटतं? मुळीच नाही. मला वाटलं, हीसुद्धा शिकवून ठेवलेली साक्ष आहे. बारके, मी तुला आज सगळं खरं सांगतेय, तेव्हा हेही सांगते. कित्येक दिवस माझी खात्री होती की तुला गेल्या वर्षीच दिसलं होतं. चित्र उगाच कोण थांबवतं? तू पाहिलंस, घाबरलीस, मला सांगायचा धीर झाला नाही म्हणून मोजलं नाहीस आणि पुढे गेलीस, असं मी धरून चालले. मला तुझा राग आला. असा राग की तुझ्या लग्नातला तो आपल्या दोघींचा फोटो मी भिंतीवरून काढून पलंगाखाली ठेवला. भांडी घासताना, कपडे घड्या करताना, गोळी घेताना तुझ्याशी मनात भांडत होते. एक वर्ष, बारके. एक वर्ष ती माझ्या गळ्यात वाढत होती आणि तू मला वाढदिवसाला साडी पाठवलीस. त्या साडीचाही मला संशय यायला लागला, की ही भरपाई होती की काय.

शेवटी मी ती चित्रं पुन्हा पाहायचं ठरवलं. त्या अबोल मुलीकडे गेले आणि म्हटलं, मला त्या दिवसाची सगळी दाखव, पहिल्यापासून, ओळीने. तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. पण दाखवली. डावीकडची एकामागून एक, मग ते थांबलेलं, आणि त्याच्या पुढचं चित्र नुसतं फरफटलेलं, पांढरंकाळं, काही म्हणजे काही कळत नाही असं. ती म्हणाली, इथे पेशंट हलला आहे. त्याच्यानंतर थेट उजवी बाजू सुरू. पेशंट हलला आहे म्हटल्याबरोबर मला सगळं आठवलं. तू आत्याची नक्कल करत होतीस! आत्या दंतवैद्याकडे नवी कवळी परत करायला गेली होती, कारण ती घातल्यावर तिला स्वतःचाच आवाज सासूसारखा ऐकू यायला लागला होता. तू ओठ आत ओढून आत्याच्या सुरात ‘ही कवळी मला सारखी टोमणे मारते हो डॉक्टर’ म्हणालीस, आणि मी अशी हसले की टेबल हललं. तूही हसलीस. चित्र हलायला लागताच तू बटण दाबून थांबवलंस, पुढचं फरफटलंच, मग डोळे पुसलेस, मला जेल पुसायला कागद दिलास, आणि हसत हसतच दुसऱ्या बाजूला वळलीस. तू गाठ पाहून चित्र थांबवलंच नव्हतंस. मला हसू आवरेना म्हणून थांबवलं होतंस, आणि गाठ त्यात आपसूक आली.

तरीही मी दुर्बीण ती दुर्बीणच. आठवण काय, सोयीची तेवढी येते. म्हणून मी आणखी एका गोष्टीचा विचार केला. चित्रं तू पाठवलीस. तुझ्या हातात होतं सगळं. ते एक चित्र तू पुसून टाकलं असतंस तर कुणाला पत्ता लागला नसता. गेल्या वर्षी काही नव्हतं, या वर्षी उगवलं, इतकं सोपं झालं असतं. मी आयुष्यभर शेकडो पोरांच्या खिशांतून चिठ्ठ्या काढल्या, पण आपणहून चिठ्ठी आणून टेबलावर ठेवणारं पोर मी एकही पाहिलं नाही. तू ठेवलीस. ओळीने लावून, तारखेसकट. त्या दिवशी मी घरी येऊन पलंगाखाली वाकले, कंबर धरली, पण फोटो काढून परत लावला.

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. येत्या मंगळवारी माझी पुन्हा शस्त्रक्रिया आहे. सर्जनसाहेब म्हणतात, जुन्या व्रणाखाली सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, ती गाठ बोटांना लागणार नाही, आणि जवळूनच आवाजाची नस जाते. शोधत बसलो तर नसेला धक्का लागायची भीती. म्हणून सकाळी, भूल द्यायच्या आधी, कुणीतरी सोनोग्राफीवर बघून त्या गाठीच्या नेमकी वर कातडीवर शाईने खूण करायची, आणि त्या खुणेवरून ते आत जाणार. ती अबोल मुलगी करायला तयार आहे. मी नको म्हटलं. म्हटलं, माझी बहीण करेल. सर्जनसाहेबांच्या कपाळावर आठी पडली, तुझे भावोजी खोकले. ज्यांच्या हातून सुटली त्यांनाच का, असं साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. मी म्हटलं, या गाठीकडे तिने जितकं टक लावून पाहिलंय तितकं जगात कुणी पाहिलेलं नाही. त्या मुलीला ही जागा रिपोर्टमधून माहीत आहे, माझ्या बारकीला ती झोपेतही दिसत असणार. ते म्हणाले, येऊ दे त्यांना, मी शेजारी उभा राहीन. बारके, मला भीती वाटतेय. मरायची तितकी नाही, आवाज जायची वाटते, आणि सगळ्यात जास्त वाटते ती भूल घ्यायची. आजवर मी कुणाच्याही भरवशावर डोळे मिटलेले नाहीत, माहीत आहे ना तुला? मंगळवारी मिटावे लागणार आहेत. मिटायच्या आधी माझ्या गळ्यावर शेवटचा हात तुझा असू दे, एवढंच माझं मागणं आहे. बाकी कुणाचा असला तर मी संशयाने जागीच राहीन आणि भूलवाले डॉक्टर वैतागतील. सोमवारीच मुक्कामाला ये.

तुझ्यावर सगळ्यात जास्त संशय घेतलेली, आणि तरी तुझीच,
ताई